बाबांची जुनी गाडी कुणाला दान द्यायची आहे, खान्देशात कोण घेतं?

अमळनेरचा_पोरगा | ११ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

वडील नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांची पेट्रोल वॅगन-आर, एमएच १९, फेब्रुवारी २०१० ची नोंदणी, अमळनेरला अंगणात निंबाखाली उभी आहे. एकूण ६२ हजार किलोमीटर चाललेली. मास्तर माणूस, गाडी चालवायचे ती पद्मालयला, मुक्ताईच्या यात्रेला आणि बहिणीकडे शिरपूरला. बाकी वेळ पुसायचे. मी पुण्यात, माझ्याकडे गाडी आहे, पार्किंग एकच. आईला चालवता येत नाही.

दिवाळीत एक भंगारवाला दारात येऊन गेला. आईने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि गाडीला हात लावू दिला नाही. म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक. दवाखान्याला, आश्रमशाळेला. पण तोडायला नको."

तर विचारायचं असं, की आपल्याकडे अशी गाडी कोण घेतं? कागद काय लागतात? आणि दान दिलं तर करात काही सूट मिळते का? गाडीची नोंदणीसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली आहे. बाबा गेल्यावर त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

भरीतपुरी | ११ जानेवारी, रात्री ११:०२

ओएलएक्सवर टाका की. धागा कशाला.

तापीकाठ | ११ जानेवारी, रात्री ११:१५

भरीतपुरी, वरचं सगळं वाचलं असतं तर हे लिहिलं नसतं.

अमळनेरभाऊ, मस्त कल्पना आहे. मागची सीट काढा, स्ट्रेचर टाका आणि एखाद्या गावाला अँब्युलन्स म्हणून द्या. पुण्याचं काम होईल.

केळीबाग_रावेर | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

पंधरा वर्षं झालेली गाडी आता रस्त्यावर आणताच येत नाही ना? कायदा झालाय.

आरटीओवाले_अण्णा | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

केळीबाग, तो दिल्ली आणि आसपासचा नियम. तिथे पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षं. आपल्याकडे खासगी गाडी १५ वर्षांनंतर तपासणीला नेऊन पाच-पाच वर्षांनी पुन्हा नोंदवता येते. व्हॉट्सॲपवर मात्र अख्ख्या देशाच्या गाड्या दर आठवड्याला भंगारात जातात.

तापीकाठ, अँब्युलन्स अशी होत नाही. गाडीची रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते. अँब्युलन्ससाठी एआयएस-१२५ नावाचं वेगळं मानक आहे, त्यात रुग्णाच्या जागेपासून दिव्यांपर्यंत सगळं ठरवून दिलंय. वॅगन-आरमध्ये स्ट्रेचर टाकलं तर पाय डिकीच्या बाहेर.

आता मुद्द्याचं. मी निवृत्त होईपर्यंत याच टेबलांवर बसलोय, म्हणून सांगतो. अमळनेरभाऊ, ही गाडी आज तुम्ही कुणालाच देऊ शकत नाही, कारण ती तुमची नाहीच. ती अजून वडिलांची आहे. मालक वारला की वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. तुमची मुदत कधीच गेली, त्याचा दंड लागेल. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत शपथपत्र, आरसी, विमा, पीयूसी. बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या.

ते झाल्यावर फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे ज्याला द्यायची त्याच्या नावावर करायचे. संस्था असेल तर तिचं पॅन, नोंदणीचा दाखला आणि गाडी स्वीकारतो असा विश्वस्तांचा ठराव.

कुणी "टीटीच्या (म्हणजे नाव बदलण्याच्या या २९-३० च्या) कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्या, पुढचं आम्ही बघतो" म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आईने भंगारवाल्याला पाठवलं तसं.

चोपडा_टू_चाळीसगाव | १२ जानेवारी, सकाळी १०:१२

अण्णा, टीटी फॉर्मचं जरा फोडून सांगता का? कारण मी २०१६ मध्ये माझी इंडिका एका ओळखीच्याला अशीच दिली होती. पैसे मिळाले, हात मिळवले, विषय संपला. २०२१ मध्ये मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. गाडी मधल्या काळात तीन हात फिरली होती, विमा कुणीच भरला नव्हता आणि एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. आरसीवर नाव माझंच. बायकोने महिनाभर जेवताना माझ्याशी एक शब्द काढला नाही.

आरटीओवाले_अण्णा | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

तुम्हीच फोडून सांगितलंत.

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच म्हटलंय. त्यातही गाडी अशीच हातोहात विकली गेली होती. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तो मालक आणि भरपाई त्याच्याच माथी. जखमी माणसाने खऱ्या मालकाचा माग काढत फिरावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही. गाडी विका, दान द्या की हुंड्यात द्या (देऊ नका), नाव उतरलं नाही तोवर ती तुमचीच.

ओहायोतला_खान्देशी | १२ जानेवारी, दुपारी १२:०५

इकडे अमेरिकेत गाडी दान देणं अगदी रोजचं आहे. रेडिओवर जाहिराती असतात. फोन केला की टो ट्रक येतो, दारातून गाडी उचलून नेतो, बंद पडलेली असली तरी. मी २०१९ मध्ये माझी जुनी कोरोला अशीच दिली. मला वाटलं आता कुणी गरजू आई त्यात मुलांना शाळेत सोडेल.

कसचं काय. गाडी सरळ लिलावात गेली. संस्थेने ५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या गाडीसाठी द्यायचा तो १०९८-सी फॉर्म पाठवला, त्यात ती कितीला विकली गेली तो आकडा. २००५ पासून इकडे नियमच आहे, संस्थेने गाडी विकली तर विक्रीची रक्कम हीच सर्वसाधारणपणे तुमची वजावट. पूर्वी लोक खटाऱ्याची मनाला येईल ती किंमत लावायचे. संस्था गाडी स्वतः वापरणार असेल किंवा गरजूला फार स्वस्तात देणार असेल तर बाजारभाव धरता येतो. पण ते क्वचित. आणि वजावट मिळते तीही खर्च सुटे सुटे दाखवणाऱ्यांना. मी ठोक वजावट घेतो, माझ्या हाती शून्य आलं. गाडी मात्र अंगणातून गेली, हे खरं.

हिशेबी_काकू_जळगाव | १२ जानेवारी, दुपारी १:३०

आपल्याकडे त्याहून सोपं आहे. वस्तू दिली तर काहीच नाही. आयकरातली ८०जी कलमाची वजावट पैशांच्या देणगीलाच मिळते. गाडी, तांदूळ, ब्लँकेट, सतरंज्या यांचं पुण्य वर, करात नाही. पैसेसुद्धा रोख दिले तर २००० रुपयांपर्यंतचेच धरले जातात, म्हणून चेक किंवा ऑनलाइन. संस्थेकडे ८०जीची मान्यता हवी, वर्षाअखेरीला ती १०बीई प्रमाणपत्र देते ते मागून घ्या. नव्या करप्रणालीत असाल तर तेही विसरा.

आणि कुणी "दहा लाखांच्या देणगीची पावती देतो, गाडी द्या" म्हणालं तर पळा. असले लोक जळगावात नाहीत असं समजू नका.

डोंगरी_मास्तर | १२ जानेवारी, रात्री ९:२०

मी धडगाव तालुक्यात एका वसतिगृहात बावीस वर्षं शिकवतो. इथे नेटवर्क सकाळी शाळेमागच्या टेकडीवर आणि रात्री पावसाची सर नसेल तेव्हा मिळतं, त्यामुळे उशीर झाला.

अमळनेरदादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. पण खरं सांगतो, रागावू नका. आमच्या आवारात दान आलेल्या तीन गाड्या उभ्या आहेत. एक जीप, एक इंडिका, एक ओम्नी. ओम्नीत आता कोंबड्या अंडी घालतात. मुलांनी तिला नाव ठेवलंय, "अंडागाडी".

देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. हार घातले, नारळ फोडला, फोटो काढले. मग पहिला विमा संपला. मग टायर. ड्रायव्हर ठेवायचा तर महिन्याला दहा-बारा हजार, तेवढ्यात स्वयंपाकाची एक मावशी येते. इंडिकाची गंमत अशी, की आमच्या घाटात खालून दगड लागतो. पहिल्याच पावसाळ्यात तिचा ऑइल चेंबर फुटला. इथे उंच गाडी लागते, आणि ती नसली तर बांबूची झोळी आणि चार माणसं, हे अजून काही पाड्यांवर आहेच. १०८ डांबरी रस्त्यापर्यंत येते. त्याच्या पुढचं आमचं आम्ही.

आम्हाला गाडी नको असते, फेऱ्या हव्या असतात. ताप आलेलं पोर रात्री नंदुरबारला न्यायचं तर खालच्या गावातला जीपवाला येतो, त्याचे पैसे द्यावे लागतात. तेवढे असले की झालं.

खेडवाला_शिरपूर | १२ जानेवारी, रात्री ९:४१

भाऊ, फुकट दिधेल गाडीनं पेट्रोल कोन भरी? आमना गावमा एक ट्रॅक्टर असाच दान व्हयेल शे. तेन्हामा आते बाभूय उगेल शे.

तापीकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:५५

मास्तर, अंडागाडी वाचून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मग जिल्हा परिषदेला, सरकारी दवाखान्याला द्यावी का? त्यांच्याकडे ड्रायव्हर असतात, पेट्रोलचं बजेट असतं.

आरटीओवाले_अण्णा | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

नाही चालणार. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या आणि स्वायत्त संस्थांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी आपोआप संपते. त्यांच्या स्वतःच्याच गाड्या त्या भंगारात काढतायत, तुमची कशाला घेतील.

रेल्वे_फिटर_भुसावळ | १३ जानेवारी, दुपारी ३:००

कागद-कागद झालं सगळं, गाडीकडे कुणी बघणार आहे की नाही?

अमळनेरभाऊ, सव्वा वर्ष उभी असलेली पेट्रोल गाडी. सेल्फ मारू नका!! आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ते आता वार्निशसारखं झालं असेल. हँडब्रेक ओढून उभी केली असेल तर मागचे ब्रेक धरले असणार. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आपल्याकडच्या ४५ अंशांत उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असली तरी कडेने भेगाळतात. निंबाखाली म्हणताय म्हणजे सावली होती, पण निंबोळ्या आणि उंदीरही असतील. बॉनेट उघडून वायरिंगचा फोटो टाका.

अमळनेरचा_पोरगा | १८ जानेवारी, सायंकाळी ७:१०

सगळ्यांना उत्तरं देतो. शनिवारी घरी आलो होतो.

फिटरकाका, बॉनेट उघडलं तर आत गवताचं अख्खं घरटं. वायरिंग तीन जागी कुरतडलेलं. टायरांवर २०१७ लिहिलंय. मात्र खाली गंज जवळजवळ नाही. डॅशबोर्डमध्ये बाबांची वही सापडली, प्रत्येक वेळी किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटर, हवा कधी भरली. शेवटची नोंद सप्टेंबर २०२४ ची, "पारोळा, कामगिरी समाधानकारक". पोरांच्या प्रगतिपुस्तकावर लिहायचे तसं.

आईला मास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोंबड्या बसवायला नाही द्यायची."

रेल्वे_फिटर_भुसावळ | १८ जानेवारी, रात्री ८:३०

२०१० च्या फेब्रुवारीचं म्हणजे जुनं १०६१ सीसीचं इंजिन. ६२ हजारांत काही होत नाही त्याला. चार टायर, बॅटरी, वायरिंग, ब्रेक, फ्युएल पंप साफ, ऑइल. अठरा-वीस हजार धरा. गाडी तोडण्यासारखी नाही, तुमची आई बरोबर म्हणते.

केळीबाग_रावेर | १८ जानेवारी, रात्री ८:४५

समजा तोडलीच तर किती मिळतात? माझ्याकडेही २००४ ची एक उभी आहे.

आरटीओवाले_अण्णा | १९ जानेवारी, सकाळी ९:००

केळीबाग, तुमची तर वीस वर्षांवरची. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० झालीय. चालत नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, दारावरच्या भंगारवाल्याला नाही. केंद्र तुम्हाला गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र देतं. ते दाखवून नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि वाहन करात सवलत मिळते, केंद्र सरकारच्या नियमांत खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. मुख्य म्हणजे गाडीचा नंबर रेकॉर्डवरून जातो. भंगारवाल्याकडे गेलेल्या गाडीचा चॅसिस नंबर उद्या कुठे निघेल याचा नेम नाही.

अमळनेरभाऊंचं गणित असं. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला ५०००, उशिराला महिन्याला ५००, म्हणजे तुमचे आणखी सहा हजारांच्या आसपास. पर्यावरण कर. एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटी, ७४५ आणि वर जीएसटी, ती नसेल तर पुढची कामं अडतात. तुमच्या इंजिनाच्या गटाचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दराने ३४१६, वर जीएसटी. फिटरसाहेबांचे वीस धरले तर चाळीसच्या घरात जाता. जुने ई-चलान असतील तर तेही आधी भरून टाका.

एवढं केल्यावर ती पाच वर्षं कायदेशीर चालणारी गाडी होते. मग दान द्या नाहीतर विका. आत्ता दिलीत तर चाळीस हजारांचं बिल दान देताय.

भरीतपुरी | १९ जानेवारी, सकाळी ९:२०

म्हणजे शेवटी ओएलएक्सच. 🙂

अक्का_पाचोरा | १९ जानेवारी, सकाळी ११:४५

भरीतपुरी, तुझं बरोबर निघालं तरी तुझा सूर चुकीचाच आहे, भाऊ.

अमळनेरच्या दादा, मला एक सुचतं. गाडी नीट करून घे. गल्लीतल्या, ओळखीच्या, खरंच गरज असलेल्या कुणाला तरी रास्त भावात दे, त्याच्या नावावर करून. आलेले पैसे मास्तरांच्या वसतिगृहाला फेऱ्यांसाठी दे. गाडी चालती राहील आणि मास्तरांच्या आवारात चौथी कोंबडीगाडी उभी राहणार नाही. फक्त ते पैसे फेऱ्यांसाठीच आहेत असं पत्रात लिहून दे, नाहीतर त्यातून कमानीला रंग लागतो. आमच्याकडे लागलाय.

डोंगरी_मास्तर | २१ जानेवारी, रात्री १०:०५

अक्का, कमान आमच्याकडेही आहे. रंग मात्र अजून नाही.

एक जीपची फेरी, अंतराप्रमाणे, बाराशे ते दोन हजारांत पडते. पावसाळ्यात महिन्याला चार-पाच तरी होतात. दादा, तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. संस्थेकडे ८०जी आहे, वेगळी वही ठेवतो, दाखवतो.

चोपडा_टू_चाळीसगाव | २१ जानेवारी, रात्री १०:३०

पण घेणाऱ्याच्या नावावर करूनच. मी परत सांगतो. करूनच.

अमळनेरचा_पोरगा | २२ मार्च, दुपारी ४:५०

दोन महिने गायब होतो, माफी. जे झालं ते लिहितो.

जळगावच्या चार चकरा झाल्या. फॉर्म ३१ ने गाडी आईच्या नावावर आली. दोन्ही बहिणींची शपथपत्रं, त्यातली एक सुरतेहून कुरियरने आली ती नाव चुकून, परत पाठवली. तपासणीत पहिल्या दिवशी एक मागचा दिवा लागेना म्हणून परत, दुसऱ्या वेळी पास. अण्णा, खर्च तुमच्या अंदाजापेक्षा अडीच हजारांनी जास्त झाला. फिटरकाका, वायरिंगवाल्याने तुमच्यापेक्षा जास्त घेतले, पण काम चोख.

गाडी आमच्याच गल्लीतल्या एका नर्सबाईंनी घेतली. त्यांची ड्यूटी आठवड्यातून तीन रात्री लांबच्या उपकेंद्रात असते आणि आजवर त्या स्कूटीवर जायच्या. आईने ८५ हजार सांगितले आणि त्यांनी घासाघीस केली नाही, त्यामुळे आईलाच अवघडलं आणि तिने पाच हजार कमी केले. वर गाडीचं सीट कव्हर शिवून दिलं. फॉर्म २९, ३० झाले. नवी आरसी त्यांच्या नावाने आली, ती मी डोळ्यांनी पाहिली. विमाही त्यांच्या नावावर.

८० हजार आईने चेकने वसतिगृहाला पाठवले. मी म्हटलं, दुरुस्तीचे वजा करू. म्हणाली, "ते तू घाल. बापाची गाडी आहे." ८०जीची पावती आली, पण आईचं पेन्शन करात बसतच नाही, त्यामुळे ती पावती बाबांच्या वहीत ठेवलीय. हिशेबी काकू, माफ करा.

हिशेबी_काकू_जळगाव | २२ मार्च, सायंकाळी ५:३०

माफ केलं. पावती जपून ठेवा मात्र.

डोंगरी_मास्तर | २३ मार्च, सकाळी ६:१५

टेकडीवरून लिहितोय. वही नवीन घातली आहे. पहिली फेरी परवा रात्री झाली, सातवीतल्या एका मुलीला विंचू चावला होता. ती बरी आहे, आज वर्गात आहे आणि विंचवाची लांबी रोज वाढवून सांगते आहे.

आरटीओवाले_अण्णा | २३ मार्च, सकाळी ९:१०

उत्तम. आता शेवटचं, जे सगळे विसरतात. काचेवरचा फास्टॅग काढला का? तो वडिलांच्या खात्याला असेल. बंद केला नाही तर टोल त्यांच्या खात्यातून जात राहील.

अमळनेरचा_पोरगा | २३ मार्च, रात्री ९:३५

अण्णा, विसरलोच होतो. बाबांचा मोबाइल आईकडे आहे, चालू ठेवलाय. गेल्या गुरुवारी त्यावर टोल कापल्याचा मेसेज आला. आईने मला फोन करून वाचून दाखवला. नर्सबाई ड्यूटीवर निघाल्या असतील. मी म्हटलं उद्याच टॅग बंद करतो, त्यांना नवा घ्यायला सांगतो.

ती म्हणाली, त्या खात्यात अजून तीनशे चाळीस रुपये आहेत, तेवढे संपू दे.

आरटीओवाले_अण्णा | २३ मार्च, रात्री ९:५०

नियमाने बंद करायला हवा.

तीनशे चाळीस संपल्यावर करा.